हात धुणं थांबत नाही, तेव्हा

प्रश्न : मुलगी नववीत आहे. हात सोलवटेपर्यंत धुते. शेजारच्या काकू म्हणतात, मानसतज्ज्ञाकडे नेलं की गोळ्याच सुरू होतात. तुम्ही नेमकं काय शिकलात, काय करता? (एक आई, सिडको, नाशिक)

उत्तर : ताई, विचारलंत ते फार बरं केलंत. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांवर बोलण्यातून आणि सरावातून उपचार करणारी. गोळ्या मी लिहून देत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. एम.ए. नंतर रुग्णालयात दोन वर्षांचं एम.फिल. केलं. भारतीय पुनर्वास परिषदेत माझी नोंदणी आहे. कुठल्याही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, ही नोंदणी मागून बघा.

तुमच्या वर्णनावरून ओसीडीची, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करत राहावी लागते त्या आजाराची, शक्यता वाटते, पण मुलीला भेटल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. या आजारात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेली वाट मला सगळ्यात भरवशाची वाटते. भीतींची उतरंड मुलीसोबतच लावायची आणि सोप्यापासून सुरुवात करायची. सिटीलिंकच्या बसमधल्या दांड्याला हात लावायचा, मग धुवायचं नाही. जीव कासावीस होतो. पण न धुताही तो हळूहळू शांत होतो, हे तिला स्वतः अनुभवता येतं. पायरी तीच निवडते, जबरदस्ती मी कधीच करत नाही.

आईलाही मी सोबत बसवते. ‘हात स्वच्छ आहेत ना गं आई?’ या प्रश्नाला दर वेळी ‘हो’ म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, शंका मात्र बळावते. त्रास जास्त असेल तर औषधांचीही जोड लागते. त्यांना घाबरू नका.

तोवर साबण लपवू नका, रागावू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.