हिरकणी खरंच होती का?

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चौथीतल्या पोराने ‘बाई, हिरकणी खरंच होती का?’ असं विचारलं आणि तू ‘पुढचं पान काढा’ म्हणालीस. आता झोप लागत नाही. एक सहकारी सांगतात, पुरावा नसेल तर इतिहासाच्या तासाला गोष्ट नको. दुसऱ्या सांगतात, शंका काढूच नये, भावना दुखावतात. दोघांनाही नमस्कार कर आणि आपल्या वर्गात जा.

पोराला सरळ उत्तर दे. रायगडावर बुरूज आहे, जाऊन हात लावता येतो. नाव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे. तिच्या नावाचा त्या काळातला कागद मात्र मी तरी पाहिलेला नाही. एवढं ऐकून पोरं रडत नाहीत, रडतात ती मोठी माणसं. मग खरं काम सुरू कर. गोष्टीतल्या नायिकेच्या मागचं बघ.

गोष्ट सांगणारा नायिकेला मोठी करतो, कडा आणखी उंच करतो. कोजागिरी असूनही रात्र काळीकुट्ट करणारे मी ऐकले आहेत! पण मागे जे सहज बोलून जातो, ते फुगवायचं त्याला काही कारण नसतं. दिवस मावळला की दरवाजे बंद, मग कुणासाठी उघडायचे नाहीत. दूध खालच्या गावातून वर येतं. ते आणणारी बाई तान्हं पोर घरी ठेवून येते, कारण न येऊन भागत नाही. १६७४चा राज्याभिषेक पोरं घडाघडा म्हणतात. त्या राजधानीला दूधदुभतं, लाकूडफाटा डोक्यावरून कोण चढवत होतं, हे त्यांच्या मनात आणायला हिरकणी लागते.

आता दामाजी. मंगळवेढं, बहामनी अंमल, दुष्काळ. दामाजीपंत सरकारी कोठार लोकांना खुलं करतात, आणि विठ्ठल विठू महार होऊन बिदरला धान्याचे पैसे भरून पावती घेतो. चमत्कारापाशी थांबू नकोस, त्याची थट्टाही करू नकोस. मागचं बघ. माणसं मरत असताना कोठार उघडणं हा गुन्हा ठरतो. देवालाही पावती घ्यावी लागते! आणि देव महाराच्याच वेशात का आला? गावचा वसूल खजिन्यापर्यंत पोचवणं हे महारांच्या माथी मारलेलं काम होतं. म्हणून थैली घेऊन महार आला याचं गोष्टीत कुणालाच नवल वाटत नाही. पोरं विचारतील, मग त्याला देवळात येऊ देत होते का? नव्हते, असं सांग. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. त्याच विठ्ठलाच्या दारात.

हा तास मी घेतला तेव्हा शाळेत गहजब झाला. ‘जात कशाला काढलीत?’ मी काढली नव्हती, गोष्टीतच होती. माझ्याकडचा इतिहास काढून मला चित्रकला दिली, तर मी पोरांकडून दामाजीच्या कोठाराचं चित्र काढून घेतलं. माझा अभ्यासक्रम मागे राहायचा, मार्चमध्ये धावपळ व्हायची, हे सगळं खरं. हट्टी म्हणायचे मला. म्हणोत. सनावळ्या पुस्तकात असतातच, त्या कुठे पळून जात नाहीत. पोरांच्या आज्यांना मात्र वर्गात बोलवायला परवानगी मिळाली नाही. आता त्या नाहीत, त्यांच्या गोष्टीही नाहीत. याची हळहळ अजून जात नाही.

तुझ्या पोरांच्या आज्या असतील. त्यांच्याकडून गोष्टी आणायला लाव, आणि शब्द सुधारू नकोस. ‘माझ्या आजीने मंगळवेढ्याला ऐकली’ हेही वहीत हवं. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रियर हिने १८६८ साली दख्खनच्या गोष्टी छापल्या, तेव्हा त्या सांगणाऱ्या आया ॲना डिसूझाची स्वतःची हकिकतही पुस्तकात घेतली होती. गव्हर्नरच्या मुलीला सुचलं ते आपल्याला सुचू नये? सांगणारी बाईसुद्धा ‘मागचं’च असते गं.

सोमवारी आधी त्या पोराला उत्तर दे. दामाजी घेशील त्या दिवशी कळव. गहजब झालाच तर तुझ्या मुख्याध्यापकांशी बोलायला मी येईन. त्यांना मी आवडत नाही, पण येईन.

तुझ्या बाई