तेरा ओळींचं एस्टिमेट

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक सहा वर्षांची आहे. ४२,००० किलोमीटर झालीय. सर्व्हिसिंगला नेली तर तेरा ओळींचं एस्टिमेट हातात पडलं, एकूण १९,६४० रुपये. मी घाबरून गाडी तशीच परत आणली. मिस्टर म्हणतात, ब्रेक झकास लागतायत, ब्रेक ऑइल तेवढं काढून टाक. सेंटरवाला म्हणतो, डीकार्बन (इंजिनातला साठलेला कार्बन काढणं) नाही केलं तर इंजिन बसेल. दिवाळीत माहेरी सावंतवाडीला जायचंय. फोटो पाठवलाय, यातलं काय करू?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : बाई, फोटो बघितला आणि स्वतःचंच जुनं अक्षर बघितल्यासारखं झालं. उद्यमनगरात गॅरेज टाकायच्या आधी मी सात वर्षं एका मोठ्या सेंटरात ॲडव्हायझर होतो. इस्त्रीचा शर्ट घालून अशाच ओळी लिहायचो. ऑइल, फिल्टर बदलले म्हणून आम्हाला कुणी शाबासकी देत नव्हतं, ते तर सगळ्यांचेच बदलतात. टार्गेट असायचं कोटिंग, क्लीनिंग, डीकार्बनचं. आतल्या खोलीत फळा होता, त्यावर नावापुढं आकडा. वीस तारखेनंतर आलेल्या गिऱ्हाइकाचं एस्टिमेट जरा लांबच व्हायचं.

तुमच्या तेरा ओळींतल्या सहा आज खोडा. डीकार्बन २,२००, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) ५५०, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग ९००, एसी डिसइन्फेक्शन १,१५०, अंडरबॉडी कोटिंग ३,४०० आणि रंगावरचं टेफ्लॉन कोटिंग ३,९००. झाले १२,१००. उरले ७,५४०. त्यातही अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे १,१०० टायर बघून ठरवा : पुढच्या टायरवरून आतून बाहेर तळहात फिरवा. एका कडेला जास्त झिजलाय असं लागलं, किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असली, तर करून घ्या.

आता मिस्टरांना जी ओळ नको आहे ती. ब्रेक ऑइल, ७५० रुपये. बाकी सगळं राहून गेलं तरी चालेल, ही ओळ मात्र खोडायची नाही.

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याजवळ पांढरट प्लॅस्टिकची छोटी बाटली दिसेल, मिन-मॅक्सच्या रेघा असलेली. नवं ब्रेक ऑइल पातळ मधासारखं असतं. तुमचं सहा वर्षांत एकदाही बदललेलं नसणार, ते कोऱ्या चहासारखं दिसेल. पण रंग हा नुसता इशारा. खरी भानगड पाण्याची आहे. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, उघड्या बरणीतल्या मिठासारखं. डॉट ४ जातीचं कोरं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल खाल्लेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. गावात फिरताना ब्रेक एवढे तापतच नाहीत, म्हणून मिस्टरांना ते झकास लागतात. पण आंबोलीहून दाणोलीकडं उतरताना पायाखाली सतत ब्रेक. तिथं ऑइलला उकळी फुटली की पाइपात वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. ॲडव्हायझर असताना एका रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाचं एस्टिमेट केलं होतं. ते म्हणाले, हजार रुपये कमी करा. मी ब्रेक ऑइल आणि आणखी एक किरकोळ ओळ उडवली, डीकार्बन ठेवलं. कारण ब्रेक ऑइल माझ्या फळ्यावर मोजलं जात नव्हतं. दोन दिवसांनी ते आंबा घाटातून उतरताना साखरप्याच्या अलीकडं पेडल तळाला टेकलं. माणूस शहाणा, घाबरला नाही. गाडी खालच्या गिअरवर घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या अंगाला लावली. अर्ध्या तासानं ब्रेक थंड झाले तर पेडल परत पहिल्यासारखं! पुढच्या आठवड्यात ते आले, काही बोलले नाहीत, जॉबकार्ड टेबलावर ठेवलं. ब्रेक ऑइलपुढं ‘ग्राहकाने नाकारले’ असं लिहिलं होतं. खाली सही माझी. त्यांनी काही नाकारलं नव्हतं, बाई. त्यानंतर वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

बहुतेक कंपन्या ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमचं तीन वेळा चुकलं. आणि घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, हे फुकटातलं.

बाकीचं भरभर सांगतो. तुमचं रनिंग वर्षाला सात हजार, म्हणून किलोमीटर बघत बसू नका, वर्ष झालं की इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. एअर फिल्टर स्वतः उजेडात धरून बघा. गळीत हंगामात ऊसगाड्यांच्या मागून फिरणाऱ्याचा लवकर भरतो. एसी फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागं असतो, पोराटोरांनाही बदलता येतो. बाहेरून आणून घातलात तर आणखी थोडे वाचतील. स्पार्क प्लग साधे असतील तर ४२,००० ला बदलणं बरोबर. इरिडियमचे असतील तर ते लाखभर किलोमीटर जातात, आत्ता हात लावू देऊ नका.

खोडलेल्या सहांबद्दल तुम्हाला सेंटरवर उत्तर द्यावं लागेल, म्हणून कारणं. आधी डीकार्बन. तुमच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, ते व्हॉल्व्ह धुतच राहतं. कार्बनची खरी तक्रार थेट सिलिंडरच्या आत पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत जास्त. सिग्नलला गाडी थरथरत असेल, बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करायला हरकत नाही. नुसतं ‘४० हजार झाले’ म्हणून नाही. ऑइल वेळेवर बदलणाऱ्याला फ्लश लागत नाही, आणि न बदलणाऱ्याच्या इंजिनात फ्लशनं सुटलेला गाळ ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसायची भीती. एसीला वास येत असेल तर घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल वाळते. टेफ्लॉन तव्यावर बसतं ते ३५० अंशांच्या पुढं भाजून. गाडीच्या रंगाला तेवढं भाजलं तर रंगच जळेल. मग ३,९०० मध्ये मिळतं काय? चांगलं पॉलिश. आवड म्हणून करा, गरज म्हणून नको. अंडरबॉडी कोटिंग मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीला, तेही नवी असताना आणि खालून धुऊन वाळवून मारलं तर कामाचं. गडहिंग्लजच्या सहा वर्षांच्या गाडीला चिखलावरून फासलं तर ओल आतच कोंडते.

जाताना गाडीचं मॅन्युअल घेऊन जा. शेवटच्या पानांकडं एक तक्ता असतो, किती किलोमीटरला काय करायचं त्याचा. त्यात बहुधा दोन अक्षरं दिसतील, ‘आय’ आणि ‘आर’. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला. सेंटरच्या वाटेत पुष्कळदा आयचा आर होतो. तक्त्यात नसलेल्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारा : गाडीत काय लक्षण दिसलं म्हणून हे? आणि बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. तसं जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी नको. तुम्ही वर्गात वह्या तपासता तेवढ्याच शांतपणे विचारा, समोरचा पोरगा बहुधा पंचविशीतला असतो आणि त्याच्याही मागं फळा असतो.

प्रश्न : माझी गाडी दीड वर्षाची. बाहेरच्या मिस्त्रीकडं निम्म्या पैशात सर्व्हिसिंग होतं. पण सेंटरवाले म्हणतात, बाहेर बोल्टाला पाना लागला तरी वॉरंटी गेली. खरं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, पाना लागल्यानं वॉरंटी जात नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगानं सुट्या भागांच्या बाजाराची नाकेबंदी केली म्हणून १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका, हेही त्याच आदेशात होतं. कंपन्या पुढं अपिलात गेल्या, ती लढाई वेगळी.

पण मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो, वॉरंटी आहे तोवर सेंटरमध्येच जा. उद्या गिअरबॉक्स गेला तर पहिलं मागतात ते सर्व्हिसचं रेकॉर्ड, आणि तेव्हा आयोगाचा आदेश दाखवत काउंटरवर भांडायला तुम्हाला सुट्टी मिळणार नाही. फक्त तक्त्यातलंच काम करून घ्या. बाहेर केलंच तर पक्कं बिल, त्यावर किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहून. पाठकोऱ्या चिठ्ठीवरचं बिल वॉरंटीत चालत नाही, माझ्याकडचं असलं तरी. सेंटरनं अडवलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

प्रश्न : चार टायरांत नायट्रोजन भरायचे २०० रुपये. भरू का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी पंपावर हवा तपासा.

प्रश्न : सीएनजी गाडीच्या टाकीची हायड्रो टेस्ट करायला सांगतात. टाकी बाहेरून नवीकोरी दिसते. हीसुद्धा खोडायची ओळ ना?
— एक टॅक्सीवाले वाचक, सांगली

उत्तर : नाही. एकदम नाही. ही कुणाच्या टार्गेटची ओळ नव्हे, दर तीन वर्षांनी करायचा कायदाच आहे. तुमच्या टायरात हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन बार, त्या टाकीत गॅस भरतात २०० बारला. वरून रंग छान दिसतो म्हणून काही कळत नाही, आतला पत्रा पाण्याच्या दाबानंच तपासावा लागतो. टाकी काढणं, मंजुरी असलेल्या केंद्रात नेणं, परत बसवणं, यात गाडी एक-दोन दिवस उभी राहते. तेवढे भाड्याचे पैसे बुडतील. लग्नसराई लागायच्या आत उरकून घ्या, आणि टाकी परत बसवायच्या आधी नव्या तारखेचा ठसा स्वतः वाकून बघा.