करडईचं तेल पोटात गेल्यावर पुढे काय होतं?

प्रश्न: आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून घाण्याचं करडईचं तेल आहे. मुलगा पुण्याला आयटीत, जिमला जातो, तो म्हणतो आई हे सीड ऑइल, यातलं ओमेगा सिक्स अंगात साठतं आणि सूज आणतं, तूप वापर. गेल्या आठवड्यात आला आणि नुकताच उघडलेला पाच लिटरचा कॅन कामाच्या मावशींना देऊन टाकला. मी काय करू? शिवाय माझी पित्ताची पिशवी चार वर्षांपूर्वी काढलीय, मला तेल पचतं तरी का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: ताई, आधी त्या कॅनचं बोलू. विष असेल तर मावशींना का दिलं, हे त्याला विचाराच.

आता तेल. मिसळीवर तर्री तरंगते ना, पोटातही तेलाचं तसंच, पाण्यात मिसळायला तयार नसतं. मग लहान आतड्यात पित्त येतं आणि तेलकट भांड्यावर साबण करतो तेच काम करतं, बारीक बारीक थेंब. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटाळ्याला टांगलेली तीन फॅटी अ‍ॅसिड्स, त्यातली कडेची दोन स्वादुपिंडाचं लायपेज हे एन्झाइम तोडतं, मधलं तसंच राहतं, आणि हे तुकडे आतड्याच्या पेशीत शिरतात. गंमत म्हणजे आत गेल्यावर ते परत जोडले जातात! प्रोटीनच्या वेष्टनात त्यांचे गोळे बांधले जातात, कायलोमायक्रॉन म्हणतात त्यांना. हे गोळे आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरायला फार मोठे, म्हणून लसिकेच्या (लिम्फ, रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या नळ्यांतून वाहणारा द्रव) वाटेने वर जातात आणि डाव्या बाजूला मानेच्या पायथ्याशी रक्तात उतरतात, लिव्हरला वळसा घालून. भरपेट भजी खाऊन कोणी रक्त द्यायला गेलं की ट्यूबमधलं सीरम कधी कधी दुधासारखं दिसतं ते यामुळेच.

पुढे स्नायू त्यातलं जाळतात. करडईतलं मुख्य फॅटी अ‍ॅसिड लिनोलिक, मुलगा म्हणतो ते ओमेगा सिक्स हेच, त्यात 18 कार्बन, पेशी दोन-दोन करून तोडते, आठ घाव नऊ तुकडे. उरलेलं चरबीत जातं आणि ती चरबी फार सावकाश बदलते, आज पोटावर जे लिनोलिक आहे त्यात गेल्या दोन-तीन वर्षांच्या स्वयंपाकाचा हिशोब असतो. म्हणजे ‘साठतं’ हे मुलाचं खरं आहे.

पण सुजेचं गणित त्याने कागदावर केलंय. लिनोलिकपासून अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड बनतं आणि त्यापासून सूज आणणारे काही पदार्थ बनतात, इथपर्यंत बरोबर, फक्त शरीर हा नळ घट्ट धरून ठेवतं. खूण केलेलं लिनोलिक माणसांना देऊन मोजलं तर जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी तिकडे वळतं, आणि खाणं वाढवलं म्हणून रक्तातलं अ‍ॅराकिडोनिक त्या मानाने वाढत नाही. उलट लिनोलिक शरीराला स्वतः बनवताच येत नाही. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवराबायकोने उंदरांना बिनस्निग्धाचं खाणं दिलं तर त्यांच्या शेपट्या खवल्यासारख्या झाल्या, वाढ खुंटली.

मुलाचा एक मुद्दा मात्र मी घेईन. जवसातल्या ओमेगा थ्रीला पुढे न्यायला जे एन्झाइम लागतं तेच लिनोलिकलाही लागतं, आणि साध्या करडईत लिनोलिक सत्तर टक्क्यांच्या वर, ओमेगा थ्री जवळपास नाहीच. म्हणून करडईबरोबर शेंगदाणा तेल आलटून पालटून वापरा आणि ताटात जवसाची चटणी असू द्या, कुटलेली हं, अख्खे दाणे जसे गेले तसेच बाहेर पडतात. (कॅनवर हाय ओलिक करडई, म्हणजे लिनोलिक कमी आणि ओलिक हे दुसरं फॅटी अ‍ॅसिड जास्त असलेली, असं लिहिलेलं असेल तर हे गणित वेगळं.) मला खरी काळजी तेलापेक्षा कढईची. भज्यांचं उरलेलं तेल परत परत तापवू नका, हॉटेलांनासुद्धा 2018 पासून त्यावर पंचवीस टक्के पोलर कंपाउंडची, म्हणजे तापवून तापवून तेल बिघडल्यावर त्यात बनणाऱ्या पदार्थांची, मर्यादा आहे.

पिशवीचं म्हणाल तर पित्त लिव्हर बनवतं, पिशवी फक्त साठवायची आणि जेवणाच्या वेळी सोडायची. आता ते थेंब थेंब सतत येतं, त्यामुळे रोजच्या भाजी-आमटीतलं तेल पचतं, एका बसणीत प्लेटभर भजी मात्र कदाचित पळवतील. शौच फिकट, चिकट, तरंगणारं व्हायला लागलं किंवा वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवा.

कॅन परत मागायला जाऊ नका. एक लिटरची बाटली आणा, करडई उघडल्यावर लवकर खवट होतं, पाच लिटर तुम्हा दोघांना संपलंही नसतं.