बॉसने ‘ईगर बीव्हर’ म्हटलं तर
अरे टेन्शन नको घेऊस, शिवी नाहीये ती, पण निव्वळ कौतुकही नाही. ‘ईगर बीव्हर’ म्हणजे अतिउत्साहाने प्रत्येक कामात पुढे धावणारा. बीव्हर हा उत्तर अमेरिका नि युरोपातला प्राणी, दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालत बसतो, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात पुढेपुढे करणाऱ्यांना हे नाव चिकटलं. म्हणजे थोडी चेष्टा आहेच त्यात.

नवीन आहेस तर सध्या एवढंच बघ:

- मीटिंगमध्ये दर कामाला ‘मी करतो’ नको. हातातलं एक आधी संपव.
- रात्री अकराला ग्रुपवर अपडेट टाकू नकोस. तुला वाटतं इंप्रेशन पडतंय, पण कर्जत लोकलमध्ये लटकत घरी पोचून नुकता जेवायला बसलेला सीनियर मनात काय म्हणतो ते मी इथे लिहू शकत नाही, आणि सकाळी तोच तुझं काम तपासणार असतो!
- दुसऱ्याच्या फाइलमध्ये न विचारता सुधारणा करणं, ही तर सगळ्यात कॉमन चूक. नवीन पोरं हमखास करतात.

क्लायंटच्या मेलमध्ये मात्र हा शब्द कुणासाठी वापरू नकोस, मित्रांत चालतो. बाकी उत्साह आहे ते बरंच आहे रे, नसलेले ढिगाने भेटतात.