रात्री बॅकअप चालू असतानाच कॉम्प्युटर झोपतो. नेटवर्क कार्डाची टिक काढूनही फरक का पडत नाही?

तुमचं म्हणणं असं की महालातल्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर रात्री दुसऱ्या मशीनवर फायली चढवता चढवता स्लीपमध्ये जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘अलाउ द कम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस’ ही टिक काढली, तरी तेच. ड्रायव्हरने (विंडोजच्या आत खोलवर चालणाऱ्या प्रोग्रामने) झोप अडवता येते का, हेही तुम्ही शोधताय. मी नागपुरातच ऑफिसांचं नेटवर्क सांभाळतो. बर्डीपासून हिंगण्यापर्यंत, ज्याला हा त्रास होतो तो आधी हीच टिक काढतो.

ती टिक कार्डाच्या झोपेची आहे, कॉम्प्युटरच्या नव्हे. चौकीदाराला झोपू नको म्हटलं म्हणून मालक जागा राहत नाही. उलट ती काढली की खालची, नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची टिकही मावळते. त्यामुळे घरून मशीन उठवायचं असेल तर काढलेली टिक परत लावा.

विंडोज झोपेचं घड्याळ मुख्यतः कीबोर्ड-माउसवर चालवतं. डिस्क फिरतेय, प्रोसेसर राबतोय, केबलमधून डेटा वाहतोय, हे त्याच्या हिशेबात आपोआप धरलं जात नाही. ‘मला काम आहे, झोपू नकोस’ असं कुणीतरी रीतसर सांगावं लागतं. त्याला पॉवर रिक्वेस्ट म्हणतात. तुमच्या मशीनवर ती कोण करतंय ते बघायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि बॅकअप चालू असतानाच ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ ही कमांड द्या. ‘सिस्टिम’ या नावाखाली काहीच नसेल तर तुमचा बॅकअप प्रोग्राम गप्प बसलाय.

यात एक गंमत आहे. हीच कमांड फायली घेणाऱ्या मशीनवर दिली तर बहुधा ‘एसआरव्हीनेट’ हे नाव दिसेल. शेअर केलेला फोल्डर पुरवणारा हा विंडोजचा ड्रायव्हर. बाहेरून कुणी फायली मागत असेल तोवर तो स्वतःच रिक्वेस्ट लावून ठेवतो. म्हणजे घेणारं मशीन जागं आणि पाठवणारं झोपेत, असा प्रकार. तुम्ही शोधताय ते ‘ड्रायव्हरने झोप अडवणं’ खरोखर असतं, पण ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, ‘पीओ-क्रिएट-पॉवर-रिक्वेस्ट’ने रिक्वेस्ट तयार करायची, ‘पीओ-सेट-पॉवर-रिक्वेस्ट’ने लावायची आणि काम संपलं की काढायची. जितक्यांदा लावली तितक्यांदा काढावी लागते, नाहीतर मशीन झोपतच नाही. बॅकअपसाठी कुणी ड्रायव्हर लिहायला बसू नये, हे माझं स्पष्ट मत.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या छोट्या टूल्सच्या संचातलं ‘अवेक’. फुकट आहे. ठराविक वेळापुरतं जागं ठेवता येतं, स्क्रीन बंद राहिली तरी चालते. बॅकअप स्क्रिप्टने होत असेल तर त्या स्क्रिप्टमध्येच ‘सेट-थ्रेड-एक्झिक्युशन-स्टेट’ हे विंडोजचं फंक्शन बोलवा. ती प्रक्रिया संपली की बंधन आपोआप सुटतं, विसरायची भीती नाही. लिनक्स असेल तर ‘सिस्टिमडी-इनहिबिट’, मॅकवर ‘कॅफिनेट’.

स्लीपचा वेळ सरळ ‘नेव्हर’ करून टाका असं कुणीही सांगेल. चालतं ते, पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि रात्री बंद दुकानात कूलरही नसताना मशीन विनाकारण तापत ठेवणं मला पटत नाही.

लॅपटॉप असेल तर आणखी दोन गोष्टी. झाकण मिटलं किंवा स्लीपचं बटण दाबलं तर कुठलीही रिक्वेस्ट ते थांबवू शकत नाही. आणि लाइन गेली की मशीन बॅटरीवर येतं. नव्या मॉडर्न स्टँडबायवाल्या (मोबाइलसारखी अर्धवट झोप घेणाऱ्या) मशीनमध्ये बॅटरीवर असताना झोपेची वेळ उलटून ५ मिनिटं झाली की विंडोज या रिक्वेस्ट मोडीत काढतं. अवकाळीच्या रात्री बॅकअप अर्धवट राहिला तर आधी हेच तपासा. ‘पॉवरसीएफजी /ए’ दिलं की तुमच्या मशीनला कुठली झोप आहे ते कळतं.

आणि घरून वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून, उठवलेलं मशीन दोनच मिनिटांत परत झोपलं, तर ती वेगळी सेटिंग आहे: ‘सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट’. मुळात २ मिनिटांवर असते आणि पॉवर ऑप्शन्समध्ये लपवलेली असते. बॅकअप सुरू व्हायला वेळ लागत असेल तर ती १०-१५ मिनिटांवर न्या.