रात्रीची एक बाटली फॉर्म्युल्याची दिली तर आईला सलग झोप मिळते का?

बाळ दोन महिन्यांचं, अंगावर पाजताय, रात्री तीनदा उठावं लागतं आणि एका वेळेला फॉर्म्युला, म्हणजे बाळासाठीचं पावडरचं दूध, द्यावा का, असं विचारलंय तुम्ही. द्या. पण बाटली दुसऱ्या कुणी देणार असेल तरच. तुम्हीच उठून करणार असाल तर अंगावर पाजणं परवडलं.

फॉर्म्युला जड असतो, बाळ रात्रभर झोपतं वगैरे सांगणारे भेटतीलच. तो पचायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण एवढंसं बाळ त्याने सकाळपर्यंत झोपत नाही.

आमच्याकडे नवऱ्याने टूम काढली होती, ‘तू दूध काढून ठेव, रात्रीचं मी बघतो.’ ऐकायला किती छान! म्हणजे झोपायच्या वेळी मी पंप लावून बसायचं. मग त्याचे भाग सुटे करून धुवायचे. त्यातली ती रबराची पांढरी झडप इतकी नाजूक, की घासताना जराशी चिरली तरी पंप ओढेनासा होतो. रात्री बाळ रडलं की नवरा उठायचा, नाही कशाला म्हणू? पण बाटली कोमट होईपर्यंत बाळाने घर डोक्यावर घेतलेलं असायचं, आणि ते रडणं ऐकून मला पान्हा फुटून गाऊन भिजलेला. पाजलं नाही म्हणून दूध दाटायचं, ठणका लागायचा. तो पुन्हा घोरायला लागलेला आणि मी पुन्हा पंप लावून! सकाळी फोनवर सासूबाईंना काय सांगायचा, तर ‘रात्रीचं मीच करतो सगळं.’ यावरून आमचं अजूनही वाजतं.

शेवटी मी पंप कपाटात टाकला. नऊला पाजायचं, बाळ त्याच्या हातात द्यायचं आणि दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. एक वाजेपर्यंत बाळ त्याचं, मधली बाटली फॉर्म्युल्याची. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी 70 अंशांच्या खाली जायच्या आत कालवायची, मग बाटली नळाखाली धरून गार करायची, आणि उरलेलं दूध तासाभरात फेकून द्यायचं. हे स्वतःला करावं लागल्यावर ‘एका बाटलीचं काय एवढं’ हे वाक्य घरातून गेलं. एकनंतर मी कुशीवर पडून पाजायची, दिवा न लावता. ढेकर काढणं, डायपर बदलणं त्याच्याकडे. तीन-साडेतीन तास सलग झोप म्हणजे काय चीज असते, ते बाळंतिणीलाच विचारा.

आता जरा जपून. अंगावरचं दूध अजून नियमित, पुरेसं येत नसेल तर बाटलीची घाई नको. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं सगळंच बंद केलं तर दूध कमी होऊ शकतं. कुशीवर पाजून झालं की बाळाला त्याच्या जागी, पाठीवर निजवा. सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागणं तर फार धोक्याचं. झोप लांबावी म्हणून बाटलीत सिरियल (धान्याची पावडर) मिसळायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

आणि बाळ गाढ झोपलंय, कुणी उठवत नाहीये, तरी तुमचा डोळा लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते दुखणं वेगळं, त्यावर बाटलीचा उपयोग नाही.