पणजोबांची जर्मन तलवार

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले होते. त्यांनी आणलेली तलवार आमच्या पोटमाळ्यावर आहे. पितळी परजेवर (मुठीपाशी हात राखणाऱ्या भागावर) गरुड, मुठीवर मुकुट आणि ‘डब्ल्यू आर’ अशी अक्षरं, पात्याच्या बुडाशी दोन छोटी डोकी. खंडेनवमीला चिंचेने घासून पूजा करतो. एक जण पॉलिश करून विकून देतो म्हणतो. किती येतील?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी ती चिंच थांबवा, अगदी कळकळीने सांगतो. पात्यावरची नक्षी फार उथळ असते. गिरगावात एका घरी अशीच तलवार पाहिली, बफ मारून आरशासारखी केलेली. पात्यावर मूळ मालकाचं नाव होतं. मला त्यातलं फक्त ‘फॉन’ (जर्मन उमरावांच्या आडनावाआधी येणारा शब्द) एवढंच वाचता आलं. फार वाईट वाटलं.

तुमची दोन डोकी म्हणजे राजा आणि शिरस्त्राण घातलेला सरदार. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या वायर्सबर्ग आणि किर्शबाउम या घराण्यांच्या कारखान्याची ही खूण. दोघं १८८३ मध्ये एक झाले. गरुडाची परज प्रशिया या जर्मन राज्याच्या पायदळ अधिकाऱ्यांच्या १८८९ च्या नमुन्याची. अक्षरं कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मची, आणि त्याची कारकीर्द १९१८ ला संपली. म्हणजे तलवार अस्सल असेल, तर याच तीस वर्षांतली. पात्याच्या पाठीवर सरकारी शिक्का दिसला नाही तरी घाबरू नका. अधिकारी तलवार स्वखर्चाने घेत.

किमतीचा आकडा फोटोवरून सांगणार नाही. परदेशी लिलावांतले आकडेही धरू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्या माणसाकडे तो आहे का, विचारा. शस्त्र कायद्याचाही प्रश्न आहेच. आधी पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. तलवार घरीच ठेवा, फोटो न्या.

म्यान मुंबईच्या पावसात ओल धरतं. पातं बाहेर काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवून, सुती कापडात गुंडाळा. हळदकुंकू वाहायचंच तर म्यानावर न वाहता समोर ताम्हनात वाहा.

आणि पणजोबांचं पदक घरात आहे का बघा. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते सापडलं तर तलवारीसोबतच ठेवा, आणि मला नक्की कळवा.